उपकारस्तुती आणि टिकाव: एका जोडीची पार्श्वभूमी

उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणे, आणि धीर ही जोडी आज ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यावरून कधी रणे माजली होती हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. धीरासाठी बायबलच्या नव्या करारात येणारा ग्रीक शब्द आहे ‘हुपोमोने’, म्हणजे भाराखाली तग धरून राहणे. आणि आभारासाठीच्या ‘युखारिस्तिया’च्या पोटात ‘खारिस’, म्हणजे कृपा दडलेली आहे. इ.स. २५० मध्ये रोमी बादशहाने सर्वांना देवांपुढे बळी अर्पण करून तसा दाखला घ्यायला लावले. जिवाच्या भीतीने जे डगमगले, त्यांना मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समाजात, परत घ्यायचे की नाही यावर कडाक्याचे वाद झाले. अखेर पश्चात्तापाची वाट खुली राहिली.

खरा गुंता पुढचा. शेवटपर्यंत टिकतो तो माणूस स्वतःच्या बळावर, की देव त्याला टिकवतो? १६१० मध्ये नेदरलँड्समधील काही पाळकांनी पाच कलमांचे निवेदन दिले. खरा विश्वासणारा कायमचा ढळू शकतो का, हा प्रश्न पाचव्या कलमात त्यांनी चक्क खुला ठेवला होता. शास्त्र आणखी तपासू, एवढेच म्हटले होते. पुढे ‘ढळू शकतो’ अशी त्यांची भूमिका ठाम झाली आणि नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ या काळात तिथल्याच डॉर्ट शहरात भरलेल्या धर्मसभेने ती नाकारली. तिच्या निर्णयाला ‘पवित्र जनांची चिकाटी’ असे नाव पडले आणि ते फसवे आहे. नावावरून वाटते, हा भक्तांच्या जिद्दीचा गौरव असावा. मजकुरात मात्र बायबलमधला राजा दावीद आणि येशूचा शिष्य पेत्र यांचे पतन स्पष्ट नोंदलेले आहे. भक्त पडतात, वाईट पडतात, पण देव आपला हात काढून घेत नाही, हा तिथला गाभा. या खात्रीने माणूस बेफिकीर होत नाही, उलट कृतज्ञतेला आणि सत्कर्मांना नेट येतो, असेही त्यात म्हटले आहे. निर्णय मला पटतो. अंमलबजावणी पटत नाही. सुमारे २०० पाळकांची पदे गेली, अनेकांना देश सोडावा लागला. कृपेची बाजू घेणाऱ्यांनी इतके निष्ठुर व्हावे, याचे आजही वाईट वाटते.

याच सभेने १५६३ ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्न-उत्तरांतून विश्वासाची शिकवण देणारे पुस्तकही मान्य केले. या प्रश्नोत्तरीचे तीन भाग: माणसाची दुर्दशा, सुटका आणि कृतज्ञता. दहा आज्ञांचे विवेचन तिने तिसऱ्या भागात घातले. ‘चोरी करू नको’ या आज्ञेखाली खोटी वजने, खोटी मापे आणि खोटी नाणी येतात. म्हणजे तराजूचा काटा सरळ धरणे हीसुद्धा उपकारस्तुतीच!

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट चळवळीतल्या लोकांनी डॉर्टची भूमिका मानली नाही, पण रोजच्या शिस्तीत ते कुठेच कमी पडले नाहीत. आता कृतज्ञतेच्या वह्यांचा जमाना आहे. आठवड्यातून पाच चांगल्या गोष्टी लिहून काढणाऱ्यांचे समाधान वाढते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात दिसले आणि मंडळ्यांमध्येही ती पद्धत रुजली. त्या वह्यांमध्ये सहसा मिळालेल्या गोष्टींचीच यादी असते. हायडेलबर्गच्या कृतज्ञतेच्या भागात मात्र, १२९ पैकी १२७ व्या प्रश्नाखाली, एक विनवणीही आहे: आम्ही इतके दुबळे आहोत की आमच्या बळावर क्षणभरही उभे राहू शकत नाही, तूच आम्हांला सावर.