‘धा मिन्टं’ आणि एक तवा

मुंबईचे पाहुणे होते. अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळ्यावर चक्कर झाली आणि रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस गाठायची होती. पण तांबडा-पांढरा ओरपल्याशिवाय गाडीत पाय ठेवणार नाही, असा त्यांचा हट्ट. रविवार संध्याकाळ. खानावळीबाहेर ही गर्दी! मॅनेजरनं वहीत नाव लिहिलं आणि म्हणाला, “बसा की सायेब, धा मिन्टं. फुडं आठच नंबर हैत.”

‘धा मिन्टं’ला कोल्हापुरात कुणी वेळेचं माप समजत नाही. तरी बसल्या बसल्या मी हिशेब केला. आत टेबलं १५. एक कुटुंब जेवून उठायला साधारण ४५ मिनिटं. म्हणजे सरासरी दर ३ मिनिटांनी एक टेबल मोकळं होणार. आमचा नंबर नववा, म्हणजे २७ मिनिटं. वहीत असलेल्या माहितीवरून हे कुणालाही सांगता आलं असतं. वहीच्या जागी टॅब ठेवून टोकन देणारी सॉफ्टवेअरं मुळात हाच भागाकार करतात.

पण २७ हीसुद्धा सरासरीच. टेबलं काही घड्याळ लावून रिकामी होत नाहीत; कधी दोन एकदम उठतात, कधी दहा मिनिटं कुणी हलत नाही. अशा नऊ अनियमित टप्प्यांच्या बेरजेत चूक नऊपट होत नाही, नऊच्या वर्गमूळाइतकी, म्हणजे तिप्पट होते. एका टप्प्यात ३ मिनिटांची चूक धरली तर एकूण ९. तेव्हा प्रामाणिक उत्तर ‘१८ ते ३६ मिनिटं’ असं हवं. मोबाइलवर ‘तुमचं टेबल २७ मिनिटांत’ असा ठाम मेसेज आला, तर तोही एका अर्थी ‘धा मिन्टं’च.

टेबल मिळाल्यावर खरी गंमत सुरू झाली. मटण तयार, दोन्ही रस्से तयार, पण भाकरी येईना. दारातून चूल दिसत होती: एक मावशी, एक तवा.

समजा, एका भाकरीला २ मिनिटं लागतात. तासाला ३० भाकरी. मागणी ताशी २४ असेल तर तवा ८० टक्के गुंतलेला. मागणी २७ झाली तर ९० टक्के. बहुतेकांना वाटतं की आठवा हिस्सा गर्दी वाढली, तर थांबणंही तेवढंच वाढेल. तसं होत नाही. भाकऱ्यांची मागणी एकेक करून, कधीही येते असं धरलं, तर ८० टक्क्यांना आपल्या भाकरीची पाळी यायला सरासरी ४ मिनिटं लागतात, ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना १९! आणि तेव्हासुद्धा तवा तासातली ३ मिनिटं रिकामाच असतो.

हे असं का? कारण रिकामा गेलेला तवा साठवून ठेवता येत नाही. सात ते सात-पाच कुणी भाकरी मागितली नाही, तर त्या अडीच भाकऱ्या कायमच्या गेल्या. सात-सहाला आठ जणांची मागणी एकदम येते, तेव्हा ती मोकळी पाच मिनिटं उपयोगी पडत नाहीत. साचलेली रांग संपवायची ती उरलेल्या फुरसतीतून. ताशी २४ मागणीला ६ भाकऱ्यांची फुरसत असते, २७ ला ३ आणि साडेअठ्ठावीसला (म्हणजे ९५ टक्क्यांना) फक्त दीड. फुरसत निम्मी झाली की रांग दुपटीहून जास्त लांबते. सूत्रात मांडायचं तर भार ρ (रो; तवा किती गुंतलेला ते, ८० टक्क्यांना ०.८) असताना थांबणं ρ/[२(१−ρ)] गुणिले २ मिनिटं. छेदातला तो (१−ρ) शून्याकडे सरकतो आणि सगळा घोटाळा करतो. (ज्यांना ग्रीक अक्षरं झेपत नाहीत त्यांनी मावशींकडे बघावं.) प्रत्यक्षात एकेक टेबल सहा-सहा भाकऱ्या एकदम मागतं, त्यामुळे हाल याहून वाईट.

हे गणित हॉटेलांसाठी जन्मलं नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग या डॅनिश गणितज्ञानं १९०९ मध्ये दाखवलं की फोनकॉल कसेही येत असले, तरी त्या ‘कसेही’लाही नियम असतो. किती लाइनी ठेवल्या म्हणजे लोकांना फार ताटकळावं लागणार नाही, याची त्याची सूत्रं १९१७ ची. तिथं लाइन, इथं तवा.

आता दुसरा तवा मांडा. त्याच साडेअठ्ठावीस भाकऱ्यांसाठी १९ मिनिटांचं थांबणं अर्ध्या मिनिटाच्याही खाली येतं. निम्मं नव्हे हं, जवळजवळ नाहीसंच! त्यामुळे ‘एआय आधारित वेटिंग सिस्टीम’ची पाटी लावणाऱ्या मालकांना मी आधी विचारीन, तवे किती? गर्दी आवरेना म्हणून गल्ल्याचं तोंड पूर्वेला फिरवणारेही असतात. (१−ρ) ला दिशा कळत नाही.

तंत्रज्ञान निरुपयोगी आहे असं मात्र नव्हे. बाहेर थांबलेल्यांनी क्यूआर कोडवरून ऑर्डर आधीच दिली, तर मावशींना पंधरा-वीस मिनिटं अगोदर कळतं की किती भाकऱ्या लागणार, आणि मधली फुरसत वाया जात नाही. टेबलावर मेनू चाळण्यातली ५ मिनिटं वाचली, तर नवव्या नंबराचं थांबणं २७ वरून २४ वर येतं. तीनच मिनिटं, पण गाडी गाठणाऱ्याला विचारा. उलट घरपोच ऑर्डरीही त्याच तव्यावर येतात. ती रांग दारात दिसत नाही, म्हणून सॉफ्टवेअरनं ती मोजली नाही तर सगळे अंदाज कोसळतात.

आमचं काय झालं? एकेक भाकरी वाटून खाल्ली आणि घड्याळ बघत मी भात मागवला. पाहुणे हिरमुसले, “पांढऱ्याबरोबर भात?” पण भाताचं पातेलं तव्याच्या रांगेत नसतं. दोन मिनिटांत ताटं भरली, आणि गाडी सुटायला सात मिनिटं असताना आम्ही फलाटावर होतो.