गाळखोऱ्यांच्या तेल-वायू क्षमतेचे संशोधन : ठाणे-नवी मुंबई परिसर

एखाद्या गाळखोऱ्यात, म्हणजे जमीन खचत जाऊन गाळाचे जाड थर साचलेल्या खोलगट भागात, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू तयार झाला का, झाला असल्यास कुठे साचला आणि आजवर टिकला का, याचा खडकांच्या नमुन्यांवरून व भूभौतिक मोजमापांवरून घेतलेला शोध. विहीर खोदण्याचा खर्च तेल कंपन्याच पेलू शकतात. विद्यापीठातले भूविज्ञान व भूभौतिकीचे विभाग मात्र घाई न करता एकाच थरावर वर्षानुवर्षे काम करू शकतात, आणि कोरड्या निघालेल्या, म्हणजे तेल-वायू न लागलेल्या विहिरीचे नमुनेही तितक्याच आस्थेने तपासतात. खोऱ्याचा इतिहास समजायला त्या कोरड्या विहिरी फार मोलाच्या असतात.

ठाणे, बेलापूर, पनवेल हा सगळा पट्टा काळ्या पाषाणावर, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर वसला आहे. या पाषाणात तेल जन्माला येत नाही. ते आहे पश्चिमेला, समुद्राखालच्या मुंबई खोऱ्यात. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरचे मुंबई हाय हे क्षेत्र १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदाई जहाजावरून केलेल्या खोदाईत सापडले. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तिथले तेल आणि वायू समुद्राखालच्या वाहिन्यांतून उरणला येतात.

या खोऱ्यातल्या थरांना भूवैज्ञानिकांनी किनाऱ्यावरच्या गावांची नावे दिली आहेत : वसई, बेलापूर, पनवेल, अलिबाग, रत्नागिरी, वांद्रे, चिंचणी, माहीम. बेलापूरला रोज लोकलमधून उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की आपल्या स्टेशनाच्या नावाचा खडक अरबी समुद्राच्या तळाखाली आहे. शाळेच्या भूगोलात ही यादी यायला हवी.

जमीन आणि समुद्र यांचा सांधा पनवेलपाशी दिसतो. सह्याद्रीच्या माथ्यावर जवळजवळ आडवे असलेले लाव्हाचे थर इथे पश्चिमेकडे कलतात. या वाकाला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. भारताचा पश्चिम किनारा फाटून वेगळा झाला त्या घडामोडींशी त्याचा संबंध जोडला जातो. खचत गेलेल्या बाजूला गाळ साचत राहिला. त्यातला पन्ना नावाचा जुना शेल, म्हणजे चिखलापासून बनलेला पापुद्र्यांचा खडक, हा तेल जन्माला घालणारा मुख्य जनक खडक, त्याहून तरुण चुनखडक हा तेल मुरवून ठेवणारा साठवण खडक आणि वरचा घट्ट शेल हे झाकण. तिन्ही असून भागत नाही. तेल जनक खडकातून सरकू लागण्याआधी सापळा, म्हणजे ते अडवून धरणारी थरांची रचना, तयार झालेला असावा लागतो.

प्रयोगशाळेतले काम साध्या गोष्टीपासून सुरू होते. विहिरीतून वर आलेला खडकाचा चुरा, म्हणजे कटिंग्ज, कापडी पिशवीतून येतो. तो चाळणीवर धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पसरतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर कण फसफसला तर चुनखडक. अतिनील दिव्याखाली एखादा कण पिवळसर सोनेरी चमकला तर त्यात तेलाचा अंश असण्याची शक्यता, पण काही खनिजेही चमकतात, म्हणून द्रावक टाकून खात्री करावी लागते. न्यूम्युलाइट्ससारख्या प्राचीन एकपेशीय समुद्री जीवांच्या कवचांवरून थराचे वय कळते.

पुढे शेलची थोडी पूड ठरलेल्या गतीने तापवतात. आधीपासून असलेले हायड्रोकार्बन कमी तापमानाला बाहेर पडतात. उरलेल्या सेंद्रिय द्रव्यातून नवे निघतात ते नंतर, आणि त्यांचे उत्सर्जन कोणत्या तापमानाला शिगेला पोचते यावरून खडक कितपत ‘पिकला’ ते ठरते. हा आकडा साधारण ४३५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर खडक अजून कच्चा. जमिनीत मात्र तेल बनायला इतकी उष्णता लागत नाही. ६० ते १२० अंश आणि लाखो वर्षे पुरतात. किलोमीटरमागे ३० अंश वाढ धरली, तर ३ किलोमीटर खोलीवर भूपृष्ठापेक्षा ९० अंश जास्त तापमान मिळते.

या कामाच्या संस्था जवळच आहेत. ओएनजीसीच्या तेल-वायू उत्पादन तंत्रज्ञान आणि महासागर तंत्रज्ञानाच्या संस्था पनवेलला, भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला, तर शेजारी पवईत आयआयटीचा भूविज्ञान विभाग.

काळ्या पाषाणाखाली काय दडले आहे, हा वेगळा प्रश्न आहे. भारतातील २६ गाळखोऱ्यांच्या यादीत दख्खन खोरेही आहे, ते तिसऱ्या म्हणजे सर्वांत कमी माहितीच्या वर्गात. लाव्हाखाली त्याहून जुना गाळ काही भागांत आहे. पण भूकंपीय लहरी पाषाणाच्या थरांत विखुरतात आणि खालचे चित्र धूसर होते. पाषाण विजेला जास्त विरोध करतो, गाळाचा खडक कमी. हा फरक मॅग्नेटोटेल्यूरिक पद्धतीने, म्हणजे पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युत-चुंबकीय बदलांचे संकेत टिपून, जमिनीवरून मोजता येतो. ते संकेत इतके क्षीण असतात की विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या प्रवाहात हरवून जातात, म्हणून उपकरणे रेल्वेमार्गांपासून दूर, शांत माळावर पुरावी लागतात.