हिरव्या पडद्यात विरघळलेला चुडा

जालन्याच्या एका मंगल कार्यालयात, पंगती उठल्यानंतर, वधूपक्षाच्या खोलीत हिरवे कापड ताणून नवरा-नवरीचे काही शॉट घेतले होते. त्यांच्या मागे देवगिरीचा किल्ला दिसावा अशी दोन्ही घरांची हौस होती आणि लग्नाच्या धांदलीत जोडीला तिथवर नेणे शक्य नव्हते. फुटेज माझ्याकडे आल्यावर मी सॉफ्टवेअरमध्ये हिरव्या पडद्यावर क्लिक केले, तेव्हा पडद्याबरोबर नवरीचा चुडाही गेला. पूर्ण गेला असता तर निदान कारण चटकन कळले असते. पण तो अर्धवट गेला होता आणि बांगड्यांच्या जागी मनगटावर किल्ल्याची तटबंदी पुसटशी दिसत होती.

चुडा असा अर्धाच का गेला, याच्या उत्तरात क्रोमा कीचे, म्हणजे एकरंगी पडदा काढून त्याजागी दुसरी पार्श्वभूमी बसवण्याच्या तंत्राचे, सगळे विज्ञान आहे. या तंत्राने हिरवा रंग कापून टाकला जातो, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेलबाबत एकच गोष्ट ठरवते: या ठिपक्यात माणूस किती आणि पडदा किती? उत्तर शून्य ते एक यांमधली कोणतीही संख्या असू शकते. तिला अल्फा म्हणतात आणि जितका अल्फा कमी, तितकी नवी पार्श्वभूमी त्या ठिपक्यात अधिक मिसळली जाते. केसांच्या बटा, पदराची झिरझिरीत कड, वेगाने हललेला हात यांच्या कडेचे पिक्सेल खरोखरच मिश्र असतात, म्हणून ही मधली उत्तरे लागतातच.

पण मिश्रण ओळखायचे कसे? चित्रपट-तंत्रज्ञ पेट्रो व्लाहोस यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस, फिल्मच्या काळात, निळ्या पडद्यासाठी रंगांतील फरकावर आधारलेली एक पद्धत विकसित केली आणि पडदा वेगळा काढणाऱ्या, म्हणजे कीइंगच्या, आजच्या अनेक साधनांच्या मुळाशी तीच कल्पना आहे. हिरव्या पडद्यासाठी तिचे साधे रूप असे: पिक्सेलच्या हिरव्या मूल्यातून, लाल आणि निळ्यापैकी जे मोठे असेल ते वजा करायचे. समजा पडद्याच्या पिक्सेलची लाल, हिरवी आणि निळी मूल्ये, शून्य ते २५५ या पट्टीवर, ६०, १८० आणि ७० आहेत. वजाबाकी ११० येते, म्हणजे हा निखळ पडदा. चेहऱ्याच्या त्वचेची मूल्ये २००, १५० आणि १२० असतील, तर उत्तर शून्याच्याही खाली जाते, म्हणजे पडदा अजिबात नाही. आता मुंडावळीतला मोती घ्या. त्याच्या कडेच्या पिक्सेलमध्ये निम्मा पांढरा मोती आणि निम्मा पडदा असेल, तर मूल्ये साधारण १४०, २०० आणि १४० होतील आणि फरक येईल ६०. काचेच्या हिरव्या बांगडीची मूल्ये २०, १२० आणि ६० धरली, तर तिथेही फरक ६०च. मोत्याची कड आणि अख्खी बांगडी या सूत्राला सारख्याच दिसतात, म्हणून दोन्हींना निम्म्याहून थोडे अधिक पारदर्शक केले जाते. मोत्याच्या बाबतीत ते बरोबर असते. बांगडीच्या बाबतीत तो घोटाळा ठरतो.

मग हिरवाच पडदा का, असा प्रश्न आपल्याकडे अधिकच रास्त आहे, कारण मराठवाड्यातली नवरी हिरव्या चुड्याशिवाय बोहल्यावर उभी राहत नाही. कारण कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये आहे. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेनुसार, सेन्सरवरच्या दर चार प्रकाशग्राहकांपैकी दोन हिरव्यासाठी आणि लाल व निळ्यासाठी एकेक असतो, कारण माणसाचा डोळाही तेजस्वितेचा अंदाज मुख्यतः हिरव्यावरून घेतो. एचडी व्हिडिओच्या मानकात तेजस्वितेचा सुमारे ७२ टक्के भार हिरव्यावर आहे, तर निळ्यावर जेमतेम ७ टक्के. परिणामी हिरव्याची नोंद सर्वांत स्वच्छ होते, तर निळ्या रंगाच्या नोंदीत रवाळपणा, म्हणजे बारीक ठिपक्यांची खरखर, अधिक असतो.

जे टिपले गेले तेही पूर्ण साठवले जात नाही. मोबाइल आणि बरेच साधे कॅमेरे ४:२:० या पद्धतीने चित्रण करतात; तेजस्विता प्रत्येक पिक्सेलची, पण रंग चार पिक्सेलांत मिळून एकदाच. म्हणजे १९२० गुणिले १०८० च्या चित्रातला रंग प्रत्यक्षात ९६० गुणिले ५४० एवढाच असतो. नुसते पाहताना डोळ्याला हे जाणवत नाही, परंतु की तर रंगावरूनच काढायची असते, त्यामुळे दोन-तीन पिक्सेल जाडीच्या मुंडावळीची कड दातेरी होते. शक्य असेल तिथे १० बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंग दर दोन पिक्सेलांमागे एकदा आणि अधिक बारीक छटांत नोंदवणाऱ्या पद्धतीने, चित्रण करावे. नंतर कडा धूसर करून दात लपवता येतात, पण मोतीही लपतात.

त्या खोलीने आणखी एक अडचण दिली. जोडी कापडापासून जेमतेम तीन फुटांवर उभी होती, त्यामुळे कापडावरून परतलेला हिरवट उजेड दोघांच्या गालांवर आणि खांद्यांवर पडला होता. याला स्पिल म्हणतात. तो काढण्याची एक प्रचलित रीत म्हणजे हिरव्याला लाल आणि निळ्याच्या सरासरीपलीकडे जाऊ न देणे. नवऱ्याच्या हातावर मात्र हळद होती. हळदीची मूल्ये २३०, १९० आणि ४० धरली, तर सरासरी १३५ येते. हिरवा तेवढ्यावर आणताच पिवळी हळद शेंदरी होते. सरासरीऐवजी लाल-निळ्यातल्या मोठ्या संख्येची मर्यादा घातली की हळद वाचते, पण गालांवरची हिरवी झाक बरीचशी तशीच राहते. मी हातांना एक मर्यादा लावली आणि चेहऱ्यांना दुसरी.

चुड्यासाठी मात्र सूत्राला बगल द्यावी लागली. मनगटाभोवती मास्क, म्हणजे एक सीमारेषा, आखून आतला भाग अपारदर्शकच राहील असे सांगायचे, आणि तो मास्क हाताबरोबर सरकवायचा. बारा सेकंदांचा शॉट म्हणजे सेकंदाला २५ प्रमाणे ३०० फ्रेम. हाताच्या हालचालीमागे मास्क आपोआप नेणाऱ्या ट्रॅकिंगने त्यातल्या बऱ्याच सांभाळल्या. नवरीने पदर सावरताना मनगट वळवले तिथे ते घसरले आणि ती प्रत्येक फ्रेम हाताने आखावी लागली. फ्रेममागून फ्रेम आखण्याच्या या कामाला रोटोस्कोपिंग म्हणतात आणि त्याच्या मूळ यंत्राचे पेटंट मॅक्स फ्लायशर यांना १९१७ मध्ये मिळाले होते. शंभर वर्षांत पेन्सिलीच्या जागी माउस आला, मानेचे दुखणे तेवढे तसेच राहिले असावे.

एवढे होऊनही पहिल्या रेंडरमध्ये, म्हणजे तयार होऊन आलेल्या व्हिडिओत, जोडी किल्ल्यापुढे चिकटवल्यासारखी दिसली. किल्ल्याचे दृश्य उन्हाळ्यातल्या दुपारचे होते, ऊन डोक्यावरचे आणि सावल्या धारदार. खोलीतला प्रकाश मात्र छताकडे वळवलेल्या दिव्यांचा, मऊ आणि सावलीविना. जोडीवर नसलेल्या सावल्या नंतर सहजासहजी घालता येत नाहीत, म्हणून मी किल्ल्याचेच संध्याकाळचे फुटेज शोधले आणि ते थोडे धूसर करून मागे लावले. हल्ली शूटिंगच्या आदल्या दिवशी शालूचा आणि चुड्याचा फोटो मागवून घेतो, आणि हिरवा जास्त दिसला की कॅमेरामनला निळे कापड घेऊन जायला सांगतो. रवाळपणाचे नंतर पाहता येते.