रोजचे दोन लिटर: प्रवाळाच्या टाकीतील पाण्याचा हिशेब

घरी प्रवाळाची टाकी बाळगणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो. रोज थोडे पाणी बदलले, तर काल घातलेल्या ताज्या पाण्याचाही काही भाग आज फेकला जातो. मग महिन्यातून एकदाच भरपूर पाणी का बदलू नये? शंका रास्त आहे, परंतु हा तोटा किती होतो, ते सहसा कोणी मोजून पाहत नाही.

माझ्या टाकीत 200 लिटर पाणी आहे. महिन्याला 60 लिटर पाणी एकदम बदलले, तर जुने पाणी 30 टक्क्यांनी घटते. तेच 60 लिटर रोज 2 लिटरप्रमाणे बदलले, तर दररोज 99 टक्के जुने पाणी उरते आणि 0.99 ला स्वतःनेच 30 वेळा गुणल्यास उत्तर 0.74 येते, म्हणजे 26 टक्के जुने पाणी गेलेले असते. तोटा आहे तो एवढ्या चार टक्क्यांचा.

त्याच्या मोबदल्यात स्थैर्य मिळते. प्रवाळ आपला चुनखडीचा सांगाडा पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट यांपासून उभारते. म्हणून पाण्याची क्षारता, म्हणजे ढोबळमानाने त्यातील कार्बोनेटांचे प्रमाण, अचानक बदलणे त्याला बाधते. समुद्रात ती साधारण 7 डीकेएच (क्षारता मोजण्याचे एकक) असते, तर बाजारातील काही मिठांच्या मिश्रणांत 11 पर्यंत जाते. 7 च्या टाकीत असे 30 टक्के पाणी ओतले, की तासाभरात क्षारता 8.2 वर उडी घेते. रोजच्या एका टक्क्याने मात्र ती पहिल्या दिवशी केवळ 0.04 ने सरकते.

नायट्रेटचे गणित मला याहूनही सुंदर वाटते. माशांच्या खाद्यामुळे ते रोज लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम वाढते आणि आपण रोज एक टक्का पाणी बदलतो, असे धरू. सुरुवातीला नायट्रेट कमी असल्याने त्याचा एक टक्काही क्षुल्लक असतो, म्हणून वाढ चालूच राहते. जसजसे प्रमाण चढते, तसतसा बाहेर जाणारा वाटाही वाढतो, आणि पातळी 50 ला पोचली की तिचा एक टक्का बरोबर 0.5 होतो. जेवढे येते तेवढेच जाते आणि आकडा तेथेच थबकतो. पातळी 10 वर रोखायची, तर रोज पाच टक्के पाणी बदलावे लागेल, किंवा खाद्य आवरावे लागेल. निव्वळ पाणी बदलून नायट्रेट शून्यावर आणण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

रोजच्या ताज्या पाण्यातून येणाऱ्या क्षारतेच्या ज्या अल्प मात्रेमुळे प्रवाळाला धक्का बसत नाही, तीच मात्रा त्याला पोसण्यास अपुरी पडते. भरगच्च टाकीतील कठीण प्रवाळे दिवसाला 1 डीकेएच क्षारता आणि तिच्यासोबत लिटरमागे सुमारे 7 मिलिग्रॅम कॅल्शियम सहज खर्च करतात. तेथे 0.04 ची भर कोठे पुरणार? ही द्रव्ये वेगळी द्यावीच लागतात.

मासा मेला, की त्याने घरावरचे संकट स्वतःवर घेतले, असे आपल्याकडे अजूनही सांगितले जाते. या समजुतीने फार नुकसान होते, कारण अमोनिया किंवा क्षारांचे प्रमाण तपासण्याची वेळ नेमकी तीच असते आणि ती तपासणी राहून जाते.

क्षारांची एक चूक तर रोजचे पाणी बदलण्यासाठी पंप लावणाऱ्यांकडूनही होते. बाष्पीभवनात केवळ पाणी उडते, मीठ टाकीतच राहते. म्हणून ती घट आरओच्या गोड्या पाण्याने भरतात. आता एक पंप रोज 2 लिटर खारे पाणी बाहेर टाकतो आणि दुसरा 1.9 लिटरच आत आणतो, असे समजा. उरलेले 100 मिलिलिटर गोड्या पाण्याने आपोआप भरले जातात, टाकीची पातळी काटेकोर दिसते, आणि रोज साडेतीन ग्रॅम मीठ कमी होत महिन्याभरात लिटरमागील मीठ 35 ग्रॅमवरून साधारण 34.5 वर येते. त्यामुळे दोन्ही पंपांचे पाणी मोजपात्रात धरून पाहावे, आणि नळ्या झिजतात म्हणून ते दर महिन्याला पुन्हा करावे.