शनिवारचा वळीव मंगळवारी किती कळतो?

एप्रिल-मे महिन्यांत मोबाइलवरचं ॲप मंगळवारीच सांगून टाकतं: शनिवार, विजेचं चिन्ह, ४० टक्के. लग्नाचा मांडव उघड्यावर घालायचा का, शेतात काढून ठेवलेला कांदा कधी झाकायचा, हे त्या आकड्यावरून ठरवण्याआधी त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत हे ओळखायला हवं. त्या दिवशी आपल्या भागात गडगडाटी ढग उभे राहतील का? आणि राहिलेच, तर आपल्याच गावावर बरसतील का? पहिल्याचं उत्तर चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी देता येतं. दुसऱ्याचं शनिवारी दुपारपर्यंत कोणालाच देता येत नाही.

समजा, पुणे-सातारा-सोलापूर पट्ट्यात शनिवारी वळीव होण्याची शक्यता ६० टक्के आहे आणि झालाच तर तो चारातल्या एका गावाला गाठणार आहे. मग एखाद्या गावापुरती शक्यता उरते ०.६० × ०.२५, म्हणजे १५ टक्के. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस आणि ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के केंद्रांवर. हे मोजमाप व्याप्तीचं आहे, जोराचं नव्हे. ‘तुरळक’ वाचून पाऊस किरकोळ असेल असं समजणं सपशेल चूक. त्या मोजक्या गावांपैकी एखाद्यात गारांचा खच पडू शकतो.

मंगळवारी दिसतं ते मोठं चित्र. विदर्भ-मराठवाड्यापासून दक्षिणेकडे कर्नाटकापर्यंत कमी दाबाचा पट्टा तयार होतोय का, वायव्येकडून येणारे कोरडे वारे आणि समुद्रावरून येणारे दमट वारे कुठे भेटतात, हे सगळं शेकडो किलोमीटरचं आणि काही दिवस टिकणारं असतं. हवामानाचं गणित करणाऱ्या संगणकी प्रारूपांना (मॉडेल्सना) ते सापडतं. एकटा गडगडाटी ढग मात्र काही किलोमीटर रुंद आणि जेमतेम तासभर जगणारा. जागतिक प्रारूप पृथ्वीची चौकटींत विभागणी करतं आणि त्याची एक चौकट साधारण १० किलोमीटरची; ढग त्यात मावून हरवतो आणि त्याचा परिणाम सूत्रांनी अंदाजे धरावा लागतो.

शिवाय सुरुवातीच्या नोंदींतली बारीक चूक पुढे फुगत जाते. १९६१ मध्ये अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकाला ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ दिलं आणि काही काळाने निराळंच हवामान हाती आलं. म्हणून आता एकच गणित अनेकदा, किंचित वेगळ्या सुरुवातीने करतात. युरोपीय हवामान अंदाज केंद्र ते ५१ वेळा करतं. त्यातल्या ३० गणितांत शनिवारी वादळी पाऊस दिसला तर कच्ची शक्यता ५९ टक्के. त्या ५१ पैकी सर्वांत भयंकर नकाशा उचलून पुढे पाठवणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करावं.

आकडे पाहायचेच तर आधी दवबिंदू पाहा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते; तो जितका जास्त तितकी हवा दमट. दुपारचं तापमान ३८ अंश आणि दवबिंदू ८ असेल तर आभाळ नुसतं तापेल. तोच १८ झाला की गोष्ट बदलते. दोन्हींतल्या फरकाला १२५ ने गुणलं की ढगाच्या तळाची उंची मीटरमध्ये साधारण कळते: इथे २० × १२५, म्हणजे २,५०० मीटर. इतक्या उंचावरून पडणारे थेंब खालच्या कोरड्या हवेत वाटेतच आटू लागतात, हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते. पावसाआधी मांडव उडतो तो यामुळे. दोर आणि खांब पावसासाठी नव्हे, वाऱ्यासाठी पक्के करावेत.

दुसरा आकडा ‘केप’, म्हणजे वर चढणाऱ्या हवेला मिळू शकणारी ऊर्जा. किलोमागे २,००० ज्यूल असेल तर कागदोपत्री वेग निघतो सेकंदाला सुमारे ६३ मीटर; आजूबाजूची कोरडी हवा मिसळत गेल्याने प्रत्यक्षात तो बराच कमी भरतो. केप भरपूर असूनही पाऊस न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे दीड-दोन किलोमीटरवरचा उबदार, कोरड्या हवेचा थर. कुकरच्या झाकणासारखा तो खालची दमट हवा दाबून धरतो. २०० ज्यूलचा अडसर फोडायला खालून सेकंदाला २० मीटरचा रेटा हवा. असा रेटा सहसा नसतो. दुपारच्या तापण्याने अडसर घटतो, म्हणूनच वळीव बहुधा तीननंतर येतो. आदल्या रात्रीच्या वादळाचे ढग सकाळीही पसरलेले असले तर जमीन तापतच नाही आणि चांगला अंदाज फसतो. दवबिंदूत एका अंशाची चूकही केप काहीशे ज्यूलने हलवते.

तेव्हा मंगळवारी फक्त पर्यायी जागा आणि ताडपत्री यांची चौकशी करावी. गुरुवारी अंदाज पुन्हा पाहावा. लागोपाठच्या अंदाजांत शक्यता २०, ६०, ३० अशी उड्या मारत असेल तर चित्र अजून बसलेलं नाही. शुक्रवारी जिल्ह्याचा इशारा पिवळा की नारिंगी ते पाहून निर्णय घ्यावा. शनिवारी पहाटे मुंबई, नागपूरसारख्या केंद्रांवरून सोडलेल्या फुग्यांच्या नोंदींवरून झाकण किती घट्ट आहे ते कळतं. दुपारनंतर टक्केवारी विसरून रडार, खात्याचा तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं विजांची सूचना देणारं ‘दामिनी’ ॲप पाहावं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा कमी गेले, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. माणसांना पक्क्या इमारतीत न्यावं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर सोडू नये.