चेतासंस्था (मज्जासंस्था)

मेंदू, पाठीच्या कण्यातून खाली उतरणारा मेरुरज्जू आणि या दोघांमधून निघून अंगभर पसरलेल्या चेता (इंग्रजीत नर्व्ह), हे सगळं मिळून चेतासंस्था बनते. शरीराच्या आतबाहेरची खबर गोळा करायची, तिचा अर्थ लावायचा आणि स्नायूंना, ग्रंथींना हुकूम द्यायचा हे तिचं काम, आणि ते झोपेतसुद्धा थांबत नाही.

आधी नावाबद्दल, कारण मराठीत गोंधळ इथूनच सुरू होतो. शाळेच्या पुस्तकात चेतासंस्था, मराठी विश्वकोशात तंत्रिका तंत्र, आणि पेपरात, दवाखान्यात मज्जासंस्था. तिन्हीचा अर्थ एकच. यातला 'मज्जा' हा आयुर्वेदातल्या सात धातूंपैकी सहावा, म्हणजे हाडाच्या पोकळीतला मऊ भाग. मणक्यांच्या पोकळीतही मऊ दोरी असते म्हणून तिलाही मज्जा म्हटलं गेलं असावं असं एक मत. पण जुन्या इंग्रजीतही मेरुरज्जूला पाठीचा 'मॅरो' म्हणायचे, तेव्हा मज्जारज्जू, मज्जातंतू हे शब्द एकोणिसाव्या शतकात वैद्यकाची पुस्तकं मराठीत यायला लागली त्या सुमारास इंग्रजीवरून पडले असण्याचीही शक्यता आहे, आणि ती जास्त पटण्यासारखी वाटते. शब्द कुठूनही आलेला असो, त्याने घोळ मात्र होतो. 'बोन मॅरो' तपासायचा म्हटलं की घरचे लोक मणक्यात सुई घालणार समजून घाबरतात, खरं तर तो नमुना बहुतेक वेळा कमरेच्या हाडातून घेतात आणि त्याचा चेतासंस्थेशी काही संबंध नसतो. म्हणून इथे 'चेता' हाच शब्द ठेवलाय. बोलण्यातले 'नस' आणि 'शीर' तर याहून सैल, रक्तवाहिनीला शीर, स्नायूच्या दोरीला शीर आणि चेतेलाही शीरच, त्यामुळे 'शीर दबलीय' म्हणणाऱ्याला नेमकं काय झालंय ते विचारूनच घ्यावं लागतं.

रचनेचे दोन मोठे भाग पाडतात. मेंदू आणि मेरुरज्जू ही मध्यवर्ती चेतासंस्था, बाकी सगळी परिघीय. मेंदूचं वजन साधारण १.३ ते १.४ किलो, म्हणजे शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण शरीर आराम करत असताना लागणाऱ्या ऊर्जेतली जवळजवळ २० टक्के एकटा मेंदू खातो. मोठा मेंदू विचार, आठवण, भाषा आणि मनात आणून केलेल्या हालचाली बघतो, लहान मेंदू तोल आणि हालचालीतली सफाई, आणि खालचा देठासारखा भाग श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं वगैरे. मेंदूतून चेतांच्या १२ जोड्या निघतात, मेरुरज्जूतून ३१ : मानेत ८, छातीच्या मागे १२, कमरेत ५, त्याखाली ५ आणि माकडहाडाची १.

मेरुरज्जूबद्दलची एक गोष्ट लोकांना माहीत असायलाच हवी. तो कण्याच्या शेवटापर्यंत जात नाही. मोठ्या माणसात त्याची लांबी ४५ सेंटीमीटरच्या आसपास, आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच तो संपतो. गर्भात तिसऱ्या महिन्यापर्यंत कणा आणि रज्जू बरोबरीचे असतात, पुढे हाडं भराभर वाढतात आणि रज्जू मागे, म्हणजे वर राहतो. त्याच्या खाली पाण्यासारख्या द्रवात चेतांचे नुसते धागे घोड्याच्या शेपटीसारखे लोंबत असतात. सिझरच्या वेळी मणक्यात इंजेक्शन देतात किंवा मेंदूज्वराच्या शंकेने पाठीतलं पाणी काढतात ती सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या मधे, म्हणजे या धाग्यांमधे जाते, आणि ते द्रवात तरंगत असल्यामुळे सहसा बाजूला सरकतात. 'पाठीत सुई मारली की माणूस कायमचा पांगळा होतो' या भीतीपायी अजूनही लोक तपासणीला नाही म्हणतात आणि मेंदूज्वराच्या उपचारातले मोलाचे तास निघून जातात, हे फार वाईट आहे.

परिघीय चेता हाताला लागतात अशी एक जागा आहे, कोपर. आतल्या बाजूचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या मधल्या खाचेत बोट फिरवलं तर एक दोरी सरकल्यासारखी वाटते. ती अल्नर नावाची चेता. तिथे टेबलाची कड लागली की करंगळीपर्यंत करंट जातो तो हिच्यामुळे. कुष्ठरोगाचे जंतू परिघीय चेतांवरच हल्ला करतात, आणि ही चेता जाड झालीय का हे बघायला डॉक्टर याच खाचेत बोट ठेवतात. अंगावर बधीर चट्टा आणि कोपराशी जाड चेता एवढ्यावरून रोग लवकर पकडता येतो, बोटं वाकडी व्हायच्या आत.

आता पेशी. चेतापेशीला एक अंग, फांद्यांसारख्या वृक्षिका आणि एक लांब शेपूट, अक्षतंतू. आज हे शाळेतली मुलं चित्र काढून दाखवतात, पण चेतापेशी सुट्या असतात की सगळ्या मिळून एकसंध जाळं असतं यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. कामिल्लो गोल्जी हा इटालियन डॉक्टर मिलानजवळच्या आब्बियातेग्रास्सो गावात रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात प्रयोग करायचा, १८७३ मध्ये त्याने पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरून चेतापेशी काळ्या रंगवायची रीत छापली. या रितीची गंमत अशी की सगळ्या पेशी रंगत नाहीत, शेकड्याला मोजक्याच रंगतात, पण ज्या रंगतात त्या टोकापासून टोकापर्यंत. त्याच पेशी का, यावर आजही एकमत नाही. सगळ्याच रंगल्या असत्या तर नुसता काळा गोळा दिसला असता.

स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने ही रीत १८८७ मध्ये माद्रिदला पाहिली, सुधारली, आणि पुढच्याच वर्षी पक्ष्यांच्या लहान मेंदूवरून दाखवलं की धागे जवळ येतात पण एकमेकांत मिसळत नाहीत. त्याने कोवळे गर्भ निवडले ही खरी हुशारी, कारण त्यांच्या चेतांवर मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण चढलेलं नसतं आणि रंग आतपर्यंत पोचतो. श्रेय मात्र एकट्याचं म्हणता येणार नाही, हिस आणि फोरेल या संशोधकांनी त्याच्या थोडं आधी, १८८६-८७ च्या सुमारास, हेच म्हटलं होतं, आणि पुढे ध्रुवप्रदेशात गाजलेला नान्सेनही तेव्हा याच विषयावर काम करत होता. चेतापेशीला 'न्यूरॉन' हे नाव १८९१ मध्ये वाल्डेयर या शास्त्रज्ञाने दिलं. १९०६ चं नोबेल गोल्जी आणि काहाल दोघांना मिळून दिलं, आणि गोल्जीने त्या भाषणातही जाळ्याचंच मत मांडलं. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दोन पेशींमधली सुमारे २० नॅनोमीटरची फट दिसली तेव्हा काहालची बाजू पक्की झाली. काही ठिकाणी पेशी सूक्ष्म नळ्यांनी थेट जोडलेल्याही सापडल्या, म्हणून गोल्जी पूर्ण चुकला असं म्हणू नये, पण नियम काहालचाच.

पेशी किती, यावर बरीच वर्षं १०,००० कोटी हा आकडा चालायचा. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हौझेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये चार मेंदूंवरून सरासरी ८६०० कोटी मोजल्या, यातल्या तब्बल ६९०० कोटी एकट्या लहान मेंदूत. चारच मेंदू, तेही पुरुषांचे, हे लक्षात ठेवून हा आकडा घ्यावा, तरी जुन्यापेक्षा तो बरा. आधार देणाऱ्या ग्लिया पेशी दहापट असतात हेही तिथे टिकलं नाही, त्या जवळपास तेवढ्याच निघाल्या.

चेतापेशीतून खबर जाते ती विजेसारखी पण तारेतल्या करंटसारखी नाही. शांत पेशी आतून बाहेरच्यापेक्षा ७० मिलिव्होल्टने ऋण असते. धक्का पुरेसा असला की पेशीच्या आवरणातली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, मग पोटॅशियम बाहेर जातो, आणि ही लाट पुढे सरकते. जाड, मायलिनवाल्या तंतूंत वेग सेकंदाला १२० मीटरपर्यंत, मायलिन नसलेल्या बारीक तंतूंत जेमतेम १ मीटर. पायाचा अंगठा दाराला आपटला की 'लागलं' हे लगेच कळतं आणि खरी कळ मागून, क्षणभराने मस्तकात जाते, ती त्या बारीक तंतूंमधून चालत आलेली असते.

लाट टोकाला पोचली की पुढे ती फट, म्हणजे सिनॅप्स. ती ओलांडायला बहुतेक ठिकाणी रसायन लागतं हे ओटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं : एकाची व्हेगस, म्हणजे मेंदूतून हृदयाकडे येणारी चेता चेतवली, ठोके मंदावले, त्यातला द्रव दुसऱ्यावर घातला तर तेही मंदावलं. या प्रयोगाचं त्याने स्वतः नंतर १९२० साल सांगितलं, पण पेपर १९२१ चा आहे आणि तेच साल धरणं बरं. ते रसायन अ‍ॅसिटिलकोलीन. हीच फट चेता आणि स्नायू यांच्या मधे असते आणि नागाचं विष तिथेच बसतं, पलीकडच्या, म्हणजे स्नायूच्या काठावर अ‍ॅसिटिलकोलीनची जागा अडवतं. पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू थांबतात. मण्यार जातीच्या सापाचं विष अलीकडचं, म्हणजे चेतेचं टोकच निकामी करतं, त्यामुळे अ‍ॅसिटिलकोलीन टिकवून धरणारं निओस्टिग्मिन नागदंशात उपयोगी पडतं तसं मण्यारदंशात सहसा पडत नाही.

मनाला न विचारता चालणारा भाग म्हणजे स्वायत्त चेतासंस्था. अनुकंपी बाजू हृदय पळवते, घाम आणते, परानुकंपी बाजू शांत करते आणि पचनाला लागते. आतड्यांच्या भिंतीतही स्वतःचं एक जाळं आहे. अनुकंपी बाजू बेफाम सुटली की काय होतं ते कोकणाने फार जवळून पाहिलंय. तिथल्या लाल विंचवाचं विष सोडियमची दारं बंदच होऊ देत नाही. आधी उलट्या आणि अंगभर घाम, मग हातपाय थंडगार, रक्तदाब वर, हृदयावर ताण, आणि शेवटी फुप्फुसात पाणी. घरात पहाटे पायात चप्पल घालताना डंख बसायचा आणि धडधाकट पोर दुसऱ्या दिवसापर्यंत जायचं. महाड भागात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून हा क्रम नोंदवला, आणि रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्तातली गोळी, जी रक्तवाहिन्यांवरचा अनुकंपी हुकूम अडवते, ती यावर चालते हे दाखवलं. त्यांचा पेपर १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आज विंचूदंशाच्या रुग्णाचे हातपाय गार पडायला लागले की छोट्या दवाखान्यातही ती गोळी देता येते.