मास्टर वाढव म्हणजे नक्की काय वाढव?

जत्रेतलं नाटक असो, श्रावणातला भजनी सप्ताह असो की चतुर्थीच्या दिवसांतली घुमट (मडक्याचं तालवाद्य) आरतीची स्पर्धा, गोव्यात एक माणूस सगळीकडे ठरलेला. कमिटीवाला. पहिला अंक सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली की तो मंडपाच्या मागून चालत येतो, मिक्सरच्या अगदी उजव्या टोकाला असलेल्या, बहुतेक वेळा लाल टोपीच्या त्या मास्टर फेडरकडे (आवाज कमीजास्त करायला वर-खाली सरकवायच्या बटणाकडे) बोट दाखवतो आणि म्हणतो, "अरे बाब, मागे कायच ऐकू येत नाय, मास्टर वाढव मरे जरा." मुरलेला साउंडवाला मान डोलावतो, फेडरला हात लावल्यासारखं करतो, हलवत काहीच नाही. कमिटीवाला परत मागे जाऊन उभा राहतो आणि तिथून अंगठा दाखवतो, आता बरं झालं!

हसू येतं खरं, पण साउंडवाल्याचा हिशोब बरोबर असतो. मागे ऐकू न येण्याची जी काही कारणं असतात त्यातली बरीचशी मास्टरपाशी सुटतच नाहीत, आणि काही तर मास्टर वाढवला की जास्त बिघडतात.

हे असं का, ते बघायला आधी आवाजाचा रस्ता बघू. प्रत्येक माइक आपापल्या चॅनलमधे शिरतो, तिथे वर त्याचा गेन (माइकचा आवाज आत येतानाच किती वाढवायचा ते), मग इक्यू (खर्ज आणि वरचे सूर कमीजास्त करायला), मग खाली त्याचा फेडर, आणि मग हे सगळे चॅनल एका सामायिक लाइनीत मिसळतात, तिला मिक्स बस म्हणतात. मास्टर फेडर येतो तो या सगळ्याच्या नंतर, आवाज अ‍ॅम्पकडे (स्पीकरच्या बॉक्सला ताकद देणाऱ्या यंत्राकडे) निघायच्या अगदी तोंडाशी. म्हणजे तो निवड करूच शकत नाही. नटाचा आवाज जेवढा वाढेल तेवढाच माइकमधे शिरलेला पंख्याचा घरघराट वाढेल, पेटीच्या भात्याचा फसफसाट वाढेल, विंगेत कोण कुजबुजतंय तेही वाढेल.

आता त्या फेडरवरचे आकडे. नवीन माणसाला पहिला धक्का इथेच बसतो, कारण ० तळाशी नसून पट्टीच्या साधारण पाऊण उंचीवर असतो, त्याच्या वर +१० पर्यंत जागा, आणि अगदी तळाला आडवा पडलेला आठ, म्हणजे उणे अनंत. इथलं ० म्हणजे आवाज बंद असं नाही, आलेला सिग्नल न वाढवता न घटवता तसाच पुढे पाठवला, एवढंच. डेसिबल (डीबी) हे गुणोत्तर मोजतं, त्यामुळे गुणोत्तर एकास एक असलं की डेसिबल ०. पट्टीवरच्या खुणाही सारख्या अंतरावर नसतात, ०च्या आजूबाजूला बोट थोडं हललं तर एखाददुसरा डीबी फरक पडतो, तळाशी मात्र तेवढ्याच हालचालीत दहा-वीस डीबी गायब. म्हणून मास्टर ०वर ठेवून काम करतात, बारीक फरक हाताला तिथेच जमतो. (डिजिटल मिक्सरच्या मीटरवर अजून एक ० असतो, त्याचा याच्याशी संबंध नाही. तो छताचा ०. त्याच्या वर जागाच नाही, म्हणून तिथे सरासरी आवाज -१८च्या आसपास ठेवायची पद्धत आहे.)

"जरा वाढव" ची किंमत किती ते पण बघा. ३ डीबी वाढले की अ‍ॅम्पकडून लागणारी पॉवर दुप्पट होते, पण कानाला मात्र तो फरक थोडासाच वाटतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डीबी लागतात, आणि १० डीबी म्हणजे दहापट पॉवर. म्हणजे जत्रेत १,००० वॉटवर चाललेला साउंड कमिटीवाल्याला दुप्पट करून हवा असेल तर १०,००० वॉट पाहिजेत, आणि तेवढे काय गाडीतून आणलेले नसतात. मग होतं काय, अ‍ॅम्प आपल्या शेवटच्या मर्यादेला जाऊन आपटतो आणि ध्वनिलहरीचे गोल माथे सपाट कापले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. सपाट झालेल्या लहरीत मूळ आवाजात नसलेल्या वरच्या पट्टीच्या लहरी तयार होतात, शिवाय सरासरी पॉवर वाढते, आणि याचा सगळ्यात पहिला बळी बॉक्समधला तो छोटा ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा स्पीकर. त्याची बारीक तारेची गुंडाळी तापून जळते. दुसऱ्या दिवशी लोक म्हणतात बॉक्स चांगले नव्हते.

क्लिपिंग फक्त अ‍ॅम्पमधेच होतं असंही नाही. समजा सोळा माइक उघडे आहेत आणि प्रत्येक चॅनलचा मीटर छान हिरव्यात आहे, तरी सगळे सारख्याच जोरात चालले तर बसवर त्यांची बेरीज एकट्या माइकपेक्षा १२ डीबीने वर जाते. चॅनल सगळे शहाणे आणि बस लाल! जुन्या अ‍ॅनलॉग मिक्सरमधे ही बेरीज मास्टर फेडरच्या आधी होते, त्यामुळे तिथे फाटलेला आवाज मास्टर खाली ओढून शिवता येत नाही, तो फाटलेलाच राहतो, फक्त हळू फाटलेला. इलाज मागे आहे, चॅनलचे फेडर किंवा गेन सगळेच थोडे खाली घ्यायचे. उलटी चूकही तितकीच दिसते, चॅनल सगळे खाली आणि मास्टर +१० ला टेकवलेला, मग नाटकातल्या शांत जागी बॉक्समधून नुसता स्स्स आवाज येत राहतो.

आणि यात घुमट असेल तर अजून मजा. आवाजाची पातळी दाखवणारा जुना काटेवाला व्हीयू मीटर नव्या आकड्यापर्यंत चढायला साधारण ३०० मिलिसेकंद घेतो, आणि घुमटावरची किंवा पखवाजावरची थाप त्याच्या आधीच येऊन गेलेली असते. काटा आरामात डुलत असतो आणि प्रत्येक थापेला वरची लाल एलईडी चमकून जाते. अशा वेळी विश्वास एलईडीवर ठेवायचा.

आता कमिटीवाल्याच्या मूळ तक्रारीकडे येऊ, मागे ऐकू येत नाही. उघड्या मैदानात एका बॉक्सपासून अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डीबीने पडतो. चार मीटरवरचा माणूस आणि बत्तीस मीटरवरचा माणूस, मधे तीन वेळा दुप्पट, म्हणजे १८ डीबींचा फरक. हा फरक मास्टरने भरायचा तर पहिल्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे कान गेलेच समजा. कला अकादमीसारख्या बंद नाट्यगृहात भिंती थोडा आवाज परत देतात म्हणून तिथे इतकं जाणवत नाही, देवळासमोरच्या मांडवात मात्र लगेच जाणवतं. मागच्या लोकांसाठी मागे वेगळे बॉक्स लावायचे आणि त्यांना मिक्सरच्या मॅट्रिक्स आउटपुटमधून (तोच कार्यक्रम वेगळ्या वाटेने बाहेर काढायची सोय) वेगळा आवाज आणि वेगळा डिले, म्हणजे मुद्दाम केलेला उशीर, द्यायचा, हे खरं उत्तर. डिले कशाला, तर विजेच्या तारेतून सिग्नल लगेच पोचतो आणि हवेतून येणारा आवाज रमतगमत येतो. आपल्याकडच्या ३० अंशांच्या हवेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर, म्हणजे स्टेजपासून ३५ मीटरवरच्या बॉक्सला साधारण १०० मिलिसेकंद थांबवावं लागतं, नाहीतर एकच वाक्य दोनदा ऐकू येतं. वर अजून दहा-पंधरा मिलिसेकंद जास्त दिले तर आवाज जवळच्या बॉक्समधून येत असूनही कानाला तो स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो.

दुसरी तक्रार स्टेजवरून येते. भजनाचे बुवा मधेच हात करून सांगतात की मला माझाच आवाज ऐकू येत नाहीय. कोणीतरी उत्साही माणूस लगेच मास्टरकडे धावतो. पण बुवांसमोरचा मॉनिटर (त्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारा बॉक्स) सहसा ऑक्समधून, म्हणजे मिक्सरच्या एका वेगळ्या फाट्यातून, जातो आणि तो ऑक्स प्री-फेडर ठेवलेला असतो, म्हणजे चॅनलच्या फेडरच्या आधीच त्याची वाट फुटलेली असते. मास्टर वर करा, खाली करा, मॉनिटरला पत्ताच नाही. तसंच मॉनिटरमधून शिट्टी वाजायला लागली तर मास्टर खाली ओढून ती थांबत नाही, फक्त प्रेक्षकांचं नाटक बंद होतं आणि स्टेजवर शिट्टी चालू राहते. हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि ओढणारा माणूस अजून जोरात ओढतो, जसं काही फेडरच अडकलाय.

शिट्टी समोरच्या बॉक्समुळे असेल तर मात्र मास्टरचा संबंध आहे. माइकमधून बॉक्सला, बॉक्समधून परत माइकला, असं एक चक्कर मारून आवाज निघाला तेवढाच किंवा जास्त परत आला की एखादी पट्टी, म्हणजे एखादा सूर, स्वतःलाच वाढवत बसते. नाटकात माइक स्टेजच्या कडेला किंवा वर टांगलेले, नट लांब. नट माइकपासून अर्ध्या मीटरवरून दोन मीटरवर गेला की त्याचा आवाज १२ डीबी पडतो आणि ते भरून काढायला गेलं की शिट्टी. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी येईपर्यंत हाताशी असलेली जागा अजून ३ डीबीने घटते, म्हणून ज्या माइकसमोर कोणी नाही तो बंद ठेवणारा माणूस प्रत्यक्षात मास्टर वाढवायलाच जागा करत असतो. मास्टरवर ३१ पट्ट्यांचा ग्राफिक इक्यू असेल तर शिट्टीची तेवढी पट्टी कापता येते, पण सात-आठ पट्ट्या कापून झाल्या की आवाजातला जीवच जातो.

मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं ते मास्टर खाली घेतल्यावर होतं ते. मिक्सरच्या दृष्टीने सगळे सूर सारखेच उतरतात, कान मात्र ते सारखे धरत नाही. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मधे हे मोजून दाखवलं, आवाज लहान झाला की आपल्या कानाला खर्ज मधल्या सुरांपेक्षा कितीतरी लवकर ऐकू येईनासा होतो. हुमणात (माशाच्या आमटीत) पाणी ओतलं की खोबऱ्याची चव आधी जाते आणि सोलांचं आंबट मागे उरतं ना, तसंच. म्हणून रात्री दहा वाजता कोणी येऊन आवाज कमी करायला लावला की तो एकदम पातळ, पत्र्यासारखा वाटतो, आणि मग साउंडवाला न कळत बेस चढवतो.

आणि वाड्यावरच्या, म्हणजे आसपासच्या वस्तीतल्या, लोकांची झोप नेमकी इथे उडते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी(ए) अशी मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस सणासुदीला बारापर्यंत सूट देऊ शकतं. पण त्या (ए)मधे गोम आहे. आवाज मोजायचा तो मीटर ६३ हर्ट्झचा खर्ज २६ डीबी कमी धरून मोजतो, कारण ही वजावट हळू आवाज ऐकणाऱ्या कानाच्या वक्रावरूनच घेतलेली आहे. त्यामुळे मीटरवर आकडा ठीकठाक आणि शेजारच्या घरात खिडकीची तावदानं थरथरतायत, असं होऊ शकतं. खर्जाची लाट भिंतीला फारशी जुमानत नाही. त्यात जत्रांचा मोसम हिवाळ्यातला, निरभ्र शांत रात्री, जमिनीलगतची हवा आधी गार होते आणि वरची उबदार राहते, मग वर निघालेला आवाज वाकून परत खाली येतो आणि दिवसा जो शेतापलीकडे पोचत नाही तो रात्री पोचतो. यावर मास्टर सरसकट खाली घेण्यापेक्षा सब बॉक्सचं (खर्ज वाजवणाऱ्या बॉक्सचं) आउटपुट वेगळं ठेवून तेवढंच उतरवलेलं बरं, हे माझं मत.

रात्र चढत जाते तसा मास्टरही चढत जातो, हेही बघण्यासारखं आहे. मोठ्या आवाजात तास-दोन तास काढले की कान तात्पुरता बधिर होतो, साउंडवाल्याचाही होतोच, आणि मग त्याला पहिल्या अंकाइतकाच आवाज वाटायला फेडर वर लागतो. १०० डीबी(ए)मधे पंधरा मिनिटं राहिलात की अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशोबाने कानाला झेपणाऱ्या आवाजाचा दिवसाचा कोटा संपला. हुशार लोक साउंडचेकला मास्टरच्या बाजूला टेपचा तुकडा चिकटवून खूण करून ठेवतात आणि नंतर कानापेक्षा त्या टेपवर भरवसा ठेवतात.

नाटक संपलं की मास्टर तळाला, मग आधी अ‍ॅम्प बंद आणि मिक्सर शेवटी. सुरू करताना याच्या उलट, मिक्सर आधी, अ‍ॅम्प शेवटी. मिक्सर बंद होताना त्याच्या आउटपुटवर एक झटका येतो आणि अ‍ॅम्प चालू असेल तर तो तसाच्या तसा बॉक्समधे जाऊन धप्प वाजतो, तेव्हा मास्टर तळाला होता की ०वर, याने काही फरक पडत नाही, कारण तो झटका फेडरच्या पुढच्या सर्किटमधून निघालेला असतो.